हर्णैची सुरमई, घाटावरची वाईन: छोट्या वायनरीची बाटली कशी निवडायची आणि कोकणात कशी सांभाळायची

संध्याकाळी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव उरकला की तासाभरात दापोलीला आमच्या शॉपीवर गिऱ्हाईक यायला लागतं, हातात पिशवी, पिशवीत सुरमई नाहीतर कोलंबी, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, ह्याच्याबरोबर कुठली वाईन चालेल?" मला हा प्रश्न फार आवडतो. बाटली आधी आणि मासा नंतर असं आमच्याकडे होत नाही, मासा काय मिळाला ते बघूनच बाकीचं ठरतं आणि तेच बरोबर आहे.

भाऊ आणि मी मिळून बिअर-वाईनचं छोटं दुकान चालवतो, त्यात एक कपाट मी हट्टाने फक्त छोट्या वायनऱ्यांच्या बाटल्यांसाठी वेगळं काढलंय. पाटीवर वाईन शॉप लिहिलेल्या कितीतरी दुकानांत आत रम आणि व्हिस्कीच जास्त असते, वाईन कोपऱ्यात उन्हात उभी असते, ते बघून मला वाईट वाटायचं. आता होमस्टेवाले, मुंबई-पुण्याचे घरमालक, आपली गावातली मंडळी सगळे तेच तेच विचारतात म्हणून एकदा बसून सविस्तर लिहितोय. वाईनसाठी आपल्या राज्यात वय 21 पूर्ण लागतं, ते आधीच सांगून ठेवतो.

आधी थोडं ही वाईन येते कुठून ते. नाशिक, दिंडोरी, निफाड, इगतपुरी हा मुख्य पट्टा, शिवाय सोलापूरकडे अकलूज, आणि पुणे जिल्ह्यात नारायणगाव तर ह्या सगळ्याच्या आधीचं. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि त्यानंतर नाशकात वायनऱ्या भराभर निघाल्या, काही मोठ्या झाल्या, काही बंद पडल्या, काही मोठ्यांनी विकत घेतल्या, जसं गंगापूर धरणाजवळची यॉर्क 2021 मध्ये सुलाकडे गेली. पण छोट्या अजून टिकून आहेत. इगतपुरीजवळ व्हॅलोने आहे, तिची व्हियोनिये ही व्हाईट आणि माल्बेक ही रेड मिळाली तर सोडू नका. निफाड तालुक्यातली रेव्हेलो आहे, त्यांनी इटलीची ग्रिलो आणि नीरो दाव्होला ही द्राक्षं आपल्या मातीत लावली, ग्रिलोची व्हाईट तर आपल्या माशासाठीच केल्यासारखी लागते. अकलूजची फ्रातेल्ली आता छोटी म्हणता येणार नाही, पण तिथली सांजोव्हेजे ही रेड मी कोंबडी-वड्यांच्या गिऱ्हाईकाला नेहमी दाखवतो.

छोटी म्हणजे आपोआप चांगली असं मात्र नाही हां. एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात, आणि लाकडी पिंप असतं 225 लिटरचं, म्हणजे एका पिंपातून 300 बाटल्या. छोट्या वायनरीची एखादी वाईन अशा चार-पाच पिंपांचीच असते, त्यामुळे एखाद्या वर्षी पाऊस अवेळी पडला किंवा तोडणी दोन दिवस लांबली की त्याचा परिणाम थेट बाटलीत दिसतो, मोठ्या कंपनीसारखं इकडचं तिकडचं मिसळून एकसारखं करायला त्यांच्याकडे माल नसतो. म्हणून गेल्या वर्षीची आवडली तर ह्या वर्षीची पण तशीच लागेल असं धरू नका, आणि नाही आवडली म्हणून त्या वायनरीवर फुली पण मारू नका.

आता मुद्द्याचं, बाटली हातात घेतली की काय बघायचं. पहिलं साल. आपल्याकडे द्राक्षाची दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात ऑगस्ट ते ऑक्टोबर असते. म्हणजे लेबलवर जे साल असतं त्या सालच्या सुरुवातीलाच द्राक्षं तोडलेली असतात आणि साधी व्हाईट त्याच वर्षी पावसाळ्यात बाटलीत येते. आंब्यासारखंच आहे हे, हापूसचा हंगाम ज्याला कळतो त्याला वाईनचं साल समजवायला लागत नाही. व्हाईट आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, शक्यतो त्याच वर्षीची नाहीतर मागच्या वर्षीची घ्या, तीन-चार वर्षं जुनी सोव्हिन्यॉ ब्लाँ कुणी जुनी म्हणून भारी सांगून देत असेल तर नम्रपणे परत ठेवा, तिचा ताजेपणा गेलेला असतो आणि तिच्यात घेण्यासारखं तेच असतं. रेडला वेळ चालतो, पिंपात मुरवलेली शिराज किंवा कॅबर्ने तीन-चार वर्षांची सुंदर लागते, पण तेवढा काळ ती कुठे ठेवली होती हे महत्त्वाचं.

साल छापलेलंच नसेल तर मागच्या लेबलवर बारीक अक्षरात पॅकिंगचा महिना असतो तो शोधा. तिथेच अल्कोहोलचं प्रमाण असतं, साडेअकरा-बाराची असेल तर दुपारच्या जेवणाला हलकी, साडेतेरा-चौदाची असेल तर तिखटाबरोबर जरा जपून, का ते पुढे सांगतो.

दुसरं, बाटली उजेडाकडे धरून मानेतली पातळी बघा आणि वरच्या वेष्टणावर अंगठा फिरवा. बूच वर आलेलं असेल, वेष्टण फुगलेलं असेल, मानेला चिकट ओघळ वाळलेला असेल तर ती बाटली तापलेली आहे, घेऊ नका. हे मी पैसे घालवून शिकलोय. एका मे महिन्यात नाशकाहून चार पेट्या मागवल्या, खाजगी टेम्पो होता, पुण्यात दुसरा माल भरायला थांबला, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला रात्रभर, दुसऱ्या दिवशी दुपारी दापोलीत. पेटी उघडली तर पुठ्ठा तळाशी ओला आणि गोड वास, बारातल्या पाच बाटल्यांची बुचं दाण्याएवढी वर आलेली. एक उघडून बघितली, सोव्हिन्यॉ ब्लाँ होती पण वास उकडलेल्या सफरचंदाचा आणि रंग फिक्कट चहासारखा. ज्या माणसाने वर्षभर द्राक्षं सांभाळली, पहाटे थंडीत तोडणी केली, त्याची सगळी मेहनत शेवटच्या दोन दिवसांत पत्र्याखाली शिजली. तेव्हापासून मार्च ते जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत मी माल मागवतच नाही, फेब्रुवारीत मागवून ठेवतो आणि मग थेट पावसात.

त्यामुळे दुकानदाराला तीन गोष्टी बिनधास्त विचारा. बाटली कुठल्या महिन्यात आली, दुकानात कुठे ठेवली होती, आणि स्वतः उघडून चाखली आहे का. ज्याने चाखलेली असते तो लगेच बोलायला लागतो, ज्याने नाही तो लेबल वाचून दाखवतो. वाईनवाल्याची खरी किंमत ह्या बोलण्यातच आहे असं मला वाटतं, नुसती बाटली तर कुणीही काढून देईल.

घेताना पेटी घेऊ नका. पहिल्यांदा तीन बाटल्या, तीन वेगळ्या, एक ड्राय व्हाईट, एक किंचित गोडसर व्हाईट म्हणजे शेनिन ब्लाँ, एक हलकी रेड किंवा रोझे. ड्राय म्हणजे गोडवा नसलेली, एवढंच. तिन्ही एका आठवड्यात जेवणाबरोबर उघडा, आवडेल तिच्या मग चार अजून घ्या, आणि लवकर घ्या कारण बाराशे-पंधराशे बाटल्यांचा माल संपला की पुढच्या वर्षापर्यंत नाही.

आता घरी कशी ठेवायची, आणि इथे कोकणाचा प्रश्न वेगळा आहे. पुस्तकी माप 12 ते 15 अंशांचं, ते आपल्याकडे एसीशिवाय कुठेच नाही. पण जागा निवडून बराच फरक पडतो. माळ्यावर अजिबात नको, कौलांखाली दुपारी जो उकाडा असतो तो बाटलीला मारतो. स्वयंपाकघरात गॅसजवळ नको, फ्रिजच्या डोक्यावर नको, शोकेसमध्ये काचेमागे तर नकोच नको. चिऱ्याच्या जुन्या घरात माजघराच्या आतल्या अंगाला, जिथे आई लोणच्याच्या बरण्या ठेवते तो कोपरा, जमिनीलगत, अंधारात, तिथे उन्हाळ्यातही पाय ठेवला की गार लागतं, तीच तुमची सेलर, म्हणजे वाईनचं तळघर. बूच असेल तर बाटली आडवी ठेवा, फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते, आणि मी तर म्हणतो कोकणात फिरकीचं झाकणच बघून घ्या, ते हलकं समजू नका. पावसात लेबलला बुरशी धरते, ती नुसती वरची, आतल्या वाईनला काही होत नाही, फडक्याने पुसून टाका. पुठ्ठ्याची पेटी मात्र फेकून द्या, तिला दमट वास लागतो आणि वाळवी पण.

असा कोपरा नसेल, स्लॅबचं घर असेल तर सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, पाच-सहा महिने काही बिघडत नाही. रेडसुद्धा. आणि लाईटचा विचार करून ठेवा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, दुकानातला कूलर बंद, पत्रे उडालेले, तेव्हा मी होत्या नव्हत्या बाटल्या घरी आणून माजघरात जमिनीवर पोत्यावर आडव्या घातल्या, वर ओली गोधडी सुद्धा टाकली. गोधडीचा काही उपयोग झाला नाही. घाटावर कोरड्या हवेत ओलं फडकं गुंडाळलं की बाटली गार होते, आपल्याकडे हवेतच एवढं पाणी की फडकं वाळतच नाही, मग गारवा येणार कुठून. माजघराच्या जमिनीनेच त्या वाचवल्या.

थंड किती करायची ह्याबद्दल फार गैरसमज आहे. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची हे कुणीतरी थंड देशातल्या खोलीबद्दल सांगितलेलं आहे, आपल्या 32 अंशांच्या पडवीबद्दल नाही. गरम रेडमध्ये अल्कोहोलच नाकात जातं, फळ काही कळत नाही. रेड प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, व्हाईट दोन-अडीच तास. घाई असेल तर बादलीत बर्फ, बर्फ बुडेल एवढं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ, त्यात बाटली मानेपर्यंत, वीस मिनिटांत तयार. नुसत्या बर्फात खोचून ठेवली तर वेळ लागतो, पाणी हवंच. बंदरावर माशांसाठी मिळणारी बर्फाची लादी ह्या कामाला उत्तम, फोडून बादलीत घाला, ग्लासात मात्र घालू नका, तो खाण्याचा बर्फ नाही. फ्रीझरमध्ये बाटली ठेवून विसरू नका, फुटते.

ग्लास साधा काचेचा चालेल, स्टीलचा नको, आणि त्याला मासळीचा किंवा भांड्याच्या साबणाचा वास नको, गरम पाण्याने धुऊन उपडा वाळवा. एक तृतीयांशच भरा, म्हणजे वास घ्यायला जागा राहते आणि उरलेली बाटली थंड राहते.

आता जेवण. इथे मी जरा जास्त वेळ घेणार. आपल्या जेवणात चार गोष्टी वाईनला नडतात किंवा साथ देतात: तिखट, आंबट, नारळ आणि तेल. तिखटावर जास्त अल्कोहोलची वाईन घेतली की जळजळ दुप्पट होते, आणि रेडमधला तुरटपणा त्यात अजून भर घालतो, म्हणून मघाशी साडेतेरा-चौदाबद्दल जपून म्हटलं. आंबटाचा नियम असा की वाईन पदार्थाइतकी तरी आंबट हवी, नाहीतर कोकमाच्या कालवणापुढे ती पाण्यासारखी लागते. ओल्या नारळाच्या रसाला जरा भरलेली, गोल चवीची वाईन लागते. आणि तळणीचं तेल कापायला आंबटपणा किंवा बुडबुडे.

म्हणजे रव्यातली सुरमई, वर लिंबू पिळलेली, तिच्याबरोबर ड्राय सोव्हिन्यॉ ब्लाँ, ह्यात डोकं लावायलाच नको. कुरकुरीत बोंबील आणि कोलंबी फ्राय असेल तर स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, ब्रूट, ब्रूट म्हणजे गोड नसलेली, तळणीनंतर तोंड एकदम स्वच्छ होतं आणि दुसरा घास पहिल्यासारखाच लागतो. पापलेटचं ओल्या नारळाचं कालवण आणि भात असेल तर व्हियोनिये. तिसऱ्यांच्या म्हणजे शिंपल्यांच्या सुक्याला ग्रिलो. बांगड्याचं तिखलं त्रिफळ घालून केलेलं असेल तर तिथे ड्राय वाईन हरते, त्रिफळाने जीभ बधिर झालेली असते, तिथे किंचित गोडसर शेनिन ब्लाँ चांगली गार करून घ्या, तो गोडवा तिखटाला कसा मऊ करतो ते एकदा बघाच. कोंबडी-वड्यांना हलकी रेड, सांजोव्हेजे किंवा पिंपात न मुरवलेली शिराज, थोडी गार. कॅबर्ने मटणासाठी राखून ठेवा.

बांगडा, पेडवे, तारली असल्या तेलकट माशाबरोबर रेड मात्र खरंच घेऊ नका. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते, कारण वाईनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तो वास तयार होतो, रेडमध्ये लोह बहुतेक जास्त असतं. गिऱ्हाईकाला वाटतं मासा शिळा होता. मासा ताजा असतो बिचारा.

मासे न खाणाऱ्यांनी मागे राहायचं कारण नाही. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ होते ना, खोबरं घालून, तिच्याबरोबर शेनिन ब्लाँ, मला तर ही जोडी सुरमईपेक्षा कांकणभर जास्त आवडते. फणसाच्या भाजीला रोझे. सोलकढी मात्र वाईनबरोबर एकाच वेळी नको, लसूण आणि कोकम दोन्ही मिळून वाईन पुसून टाकतात, सोलकढी शेवटी भाताबरोबर घ्या, तोवर ग्लास रिकामा झालेला असतो.

बाटली खराब आहे हे कसं ओळखायचं? ह्यात माझी गुरू आमची आई. ती वाईनचा थेंब घेत नाही, पण आंब्याची अढी न उघडता वासावरून सांगते की कुठला आंबा लागलाय. एकदा मी एक रेड उघडली, मला काहीतरी चुकतंय वाटत होतं पण कळेना, तिच्या नाकाखाली ग्लास धरला तर म्हणाली, "ह्याला पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय रे." अगदी बरोबर, बुचातून येणारा दोष असतो तो, फळाचा वास दाबून टाकतो, प्यायला अपाय नाही पण मजा गेलेली असते. तसंच साध्या वाईनमध्ये बारीक बुडबुडे जिभेला टोचले तर बाटलीत पुन्हा आंबणं सुरू झालंय, आणि व्हाईट तपकिरी पडून कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आला तर आत हवा शिरलीय. असं काही निघालं तर बाटली ओतून टाकू नका, बूच लावून तशीच दुकानात परत न्या. मी तरी बदलून देतो आणि वायनरीला फोटो आणि बॅच नंबर पाठवतो. छोट्या वायनरीला ही माहिती हवी असते, त्यांच्याकडे फोन बऱ्याचदा वाईन करणाराच उचलतो. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर मात्र घाबरू नका, ते द्राक्षातल्याच आम्लाचे असतात, थंडीत खाली बसतात.

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, व्हाईट असो की रेड, दोन-तीन दिवसांत संपवा. स्पार्कलिंग त्याच रात्री.

द्राक्षाशिवाय पण आता बरंच येतंय. पुण्याची मूनशाईन आणि नाशिकची सेराना मधापासून मीड करतात, पुण्याकडची ऱ्हिदम फळांच्या वाईन करते. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात जांभूळ, करवंद, काजूबोंड ह्यांच्या वाईनवर काम झालेलं आहे, आणि इकडे बागेत काजूची बोंडं ढिगाने कुजतात ते बघितलं की मला नेहमी वाटतं कोकणात एखादी तरी छोटी वायनरी ह्याच्यावर उभी राहावी. फेणी वेगळी, ती ऊर्ध्वपातन केलेली, तिला वाईनच्या मापाने पिऊ नका. फळांच्या वाईनला एकच सूचना, लेबलवर साखर आणि फ्लेवर घातलाय का बघा, आणि वर्षाच्या आत प्या.

आणि सिंधुदुर्गातल्या मित्रांनो, गोव्यात स्वस्त मिळते म्हणून डिकी भरून आणू नका, परवान्याशिवाय ते बेकायदेशीर आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. वायनरीत जाऊन घेतली असेल तर बिल गाडीत ठेवा, आणि टेस्टिंग केलं असेल तर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

कधी घ्यायची म्हणाल तर माझं वेळापत्रक असं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा मी कपाट रिकामं करतो आणि फ्रिज साफ करतो. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा सुटतात आणि साधारण त्याच सुमाराला त्या वर्षीच्या नवीन व्हाईटच्या पेट्या घाट उतरून येतात, ताजा मासा आणि ताजी वाईन एकाच वेळी. पण तो श्रावण असतो, आपली निम्मी मंडळी पाळतात, मग गणपती. म्हणून मी गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारसाठी लोकांच्या नावाने बाटल्या बाजूला काढून ठेवतो. कुणाला हवी असेल तर गणपतीच्या आठवडाभर आधी सांगा, विसर्जनाला ड्राय डे असतो, त्या दिवशी दुकानाचं शटर वाजवू नका, आणि येताना मासा कुठला करणार आहात तेवढं ठरवून या.